रक्तातल्या प्रथिनांचा खोटा रिपोर्ट: आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा

आईच्या पायांवर सूज होती, पाठीची हाडंही दुखायची. डॉक्टरांनी टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनांचे गट वेगळे करून आलेखात दाखवणारी तपासणी) करायला सांगितलं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एकाची जाहिरात मोबाइलवर दिसली. पैसे त्याने आधीच घेतले, तेही स्वतःच्या खात्यावर.

आईच्या दंडाला पट्टा आवळून तो फोनवर बोलत बसला. (पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला की प्रथिनांचा आकडा वाढतो.) मग जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं आणि नळी खिशात टाकली. ना नाव, ना बारकोड. "लेबल गाडीत लावतो," म्हणाला.

या तपासणीला सीरम लागतं, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव; त्यासाठी रक्त गोठू द्यावं लागतं. त्यासाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी असते. जांभळ्या नळीत रक्त गोठत नाही, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) तसंच राहतं आणि आलेखात त्याचा वेगळा पट्टा उमटतो. तो मायलोमाचा (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचा) पट्टा समजला जाऊ शकतो. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे तपासणी केली असती, तरी रिपोर्ट भरवशाचा नसता.

पण तपासणी झालीच नव्हती. संध्याकाळीच रिपोर्ट आला: टोटल प्रोटीन ७.२, अल्ब्युमिन ४.१, ग्लोब्युलिन २.४. सगळं नॉर्मल. डॉक्टरांचं बोट ग्लोब्युलिनवरच थांबलं, म्हणजे अल्ब्युमिन सोडून उरलेल्या प्रथिनांवर. हा आकडा टोटलमधून अल्ब्युमिन वजा करून काढतात, तो ३.१ यायला हवा होता. खाली अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा, गॅमा यांचे टक्के होते ५८, ४, ९, १३, २१. बेरीज १०५! रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सहीसुद्धा नव्हती.

मी फोन केला. "सॉफ्टवेअरची चूक आहे," म्हणत त्याने थोड्याच वेळात ३.१ लिहिलेली नवी पीडीएफ पाठवली. टक्क्यांची बेरीज मात्र १०५ च होती. त्यानंतर त्याचा नंबर बंद. रिपोर्टवर ज्या लॅबचं नाव होतं तिथे विचारलं, तर आईची नोंदच नाही.

दुसरीकडे लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. अल्ब्युमिन २.६ निघालं, साधारण ३.५ ते ५ असायला हवं. लघवी तपासली तर तिच्यातून प्रथिनं वाहून जात होती. त्या खोट्या 'नॉर्मल'वर विसंबून राहिलो असतो तर आईचा मूत्रपिंडाचा आजार तसाच वाढला असता. पैसे गेले त्यापेक्षा याचा संताप जास्त आहे.

पोलिसांत तक्रार दिली आहे. दोन्ही पीडीएफ आणि पैसे पाठवल्याची पावती जोडली. तुमच्याकडे अशा कुणी घरी येऊन नेलेल्या रक्ताचा रिपोर्ट असेल, तर अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनची बेरीज टोटल प्रोटीनइतकी येते का, ते आजच करून बघा.