खाजनात कोरगुट की ज्योती?

गोव्यातल्या मांडवी-जुवारीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या खारट शेतजमिनीत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोरगुटासारख्या स्थानिक भातजातीच असत. नंतर जया, ज्योती या सुधारित जाती आल्या आणि तुलना सुरू झाली.

चांगल्या, गोड्या मातीत ज्योतीच सरस. ती बुटकी, ताठ, खताला प्रतिसाद देणारी. तांदूळ तांबडा, त्यामुळे उकड्यालाही चालते. कोरगुट उंच वाढतो. नत्र जास्त झालं की वाऱ्या-पावसात आडवा पडतो, म्हणून त्याला युरियाची लालूच दाखवू नये.

खारेपणाचं गणित मात्र उलट आहे. पहिल्या जोरदार पावसांनी मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचं, मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी ओहोटीला सोडायचं, मगच पेरणी. बियाणं साधारण 24 तास भिजवून, गोणपाटात दाबून मोड आणून, चिखलात फेकायचं. इतकं करूनही मानशीची फळी गळाली किंवा बांधाला खेकड्यांची भोकं पडली, तर भरतीचं पाणी आत येतं. ज्योतीची पानं टोकापासून करपतात. फुलोऱ्यात खार लागला तर लोंब्या पोकळ राहतात. कोरगुट उत्पन्न कमी देतो, पण बऱ्याचदा तग धरतो.

गुरं असलेल्या घरी आणखी एक हिशोब: कोरगुटाचा पेंढा लांब आणि भरपूर. बुटक्या जातींनी तो घटवला.

आमचं मत स्पष्ट आहे. बांध भक्कम, मानस घट्ट असेल तर ज्योती लावा. नदीलगतच्या खोलगट कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) कोरगुटच, आणि त्याचं बियाणं दरवर्षी वेगळं राखा.