फिनाले मॅच पेलेट: ४.४९, ४.५० की ४.५१?

सांगलीत १० मीटर एअर रायफल मारणाऱ्यांसाठी एच अँड एन या जर्मन कंपनीचे फिनाले मॅच पेलेट (शिशाचे छोटे छर्रे) पैसे वसूल करतात, पण डब्यावर लिहिलेला पेलेटच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या भागाचा, व्यास बघून घ्या. तिन्ही मापं ४.५ मिमीच्या बॅरलसाठीच आहेत. फरक फक्त शतांश मिलिमीटरचा, तरी टार्गेटवर तो दिसतो, कारण पेलेटचं डोकं बॅरलच्या आतल्या पीळदार आट्यांवर टेकून सरळ राहतं. मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून फट बंद करतो. डोकं सैल बसलं तर पेलेट किंचित तिरका निघतो आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो.

डिजिटल कॅलिपरने मापत बसू नका. त्याची चूकच ०.०२ मिमीपर्यंत असते, शिवाय शिसं जबड्यात दबतं. रायफल शिकंज्यात पक्की धरून प्रत्येक मापाचे पाच-पाच शॉटचे निदान तीन ग्रुप काढा. माप बदललं की आधी काही शॉट वाया घालवा. मित्राच्या रायफलला ४.५० लागू पडला म्हणून तुमच्याही पडेल असं नाही, मॉडेल तेच असलं तरी.

कुरिअरने आलेल्या डब्यातले चेपलेले स्कर्ट वेगळे काढा. ते सरावालाही नकोत. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवाच.