सरावासाठी केलेली सही

गाणं शिकताना पैशाचा विषय काढणं म्हणजे जवळजवळ बेअदबीच. आठ वर्षं रियाज केला, पण मानधन कसं ठरवायचं, बिल कसं करायचं, करारात काय बघायचं, हे एकाही गुरूंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणून तरुण कलाकारांना व्यवसाय शिकवणारा बारा आठवड्यांचा कोर्स दिसला, तेव्हा दुसरा विचार न करता फी भरली.

शिकवणं वाईट नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे. गाण्याच्या शब्द-चालीवरचा हक्क वेगळा आणि त्याच्या रेकॉर्डिंगवरचा हक्क वेगळा, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड रेकॉर्डिंगची ओळख असतो, गाण्याची नव्हे, हेही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतात, हे सांगताना सरांनी 1996 च्या डब्ल्यूआयपीओ (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कराराचा दाखला दिला. इतकं नीट समजावणारा माणूस आपल्यालाच गंडवेल, असं कुणाच्या मनात येणार?

नवव्या आठवड्यात विषय होता करार. प्रत्येकाच्या हातात सात पानं आली. ‘नुसतं वाचून कळत नाही, स्वतः भरून बघा,’ सर म्हणाले. आम्ही नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, स्वतःच्या गाण्यांची यादी असं सगळं भरलं. प्रत्येक पानावर सही केली. तारीख मात्र घालू नका, सरावच आहे, असं सांगितलं. मग ‘तपासून परत देतो’ म्हणून कागद गोळा झाले. एका मुलाने दोनदा मागितले. दोन्ही वेळा हसून विषय बदलला गेला. त्याच दिवशीच्या माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: कोरी जागा सोडून सही करू नये.

कोर्स संपून चार महिने झाले असतील. एका आयोजकांचा फोन आला, ‘तुमचं मानधन तुमच्या मॅनेजमेंटकडे पाठवायचं म्हणे?’ माझी कसली मॅनेजमेंट! त्याच आठवड्यात मी माझंच गाणं अपलोड केलं, तर त्यावर कॉपीराइटचा दावा आला. दावा करणारे म्हणजे तेच कोर्सवाले. मी कराराची प्रत मागितली, तेव्हा ती सात पानं आली, आता तारखेसकट. ‘नमुना’ हा शब्द कुठेच नव्हता. आठवून पाहिलं, तर तो फक्त पडद्यावरच्या स्लाइडवर होता.

वकीलबाईंनी कलमं उलगडून दाखवली. पाच वर्षं सगळं काम त्यांच्याचमार्फत. मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर आणखी पाच वर्षं. कमिशन 20 टक्के, पण एकूण रकमेवर. ऐकायला 20 फार वाटत नाही. शंभरातले साठ साथीदार आणि प्रवासात गेले तर हाती चाळीस उरतात, आणि त्यातले वीस त्यांचे. म्हणजे माझ्या कमाईतला निम्मा वाटा. यादीतल्या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज कायमची त्यांची, आणि तीच गाणी पाच वर्षं पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत.

मला आधी खटकायला हवं होतं ते वेगळंच. काम मिळवून देणारा त्या कामातून कमिशन घेतो. इथे तोच माणूस माझ्याकडून आधी फी घेत होता आणि माझा प्रतिनिधीही होऊ बघत होता. मला काम मिळो न मिळो, त्याचं काही बिघडत नव्हतं.

तुम्ही अशा वर्गात बसला असाल तर सरावाच्या कागदावर खोटं नाव घाला, प्रत्येक पानावर आडवं ‘नमुना’ लिहा आणि कागद घरी घेऊन या. कुणी मागे लागलं, तर तेवढ्यावरूनच ओळखा.

तुकडीतल्या बावीस जणांपैकी नऊ जण सापडले. वर्गात सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी लेखी दिलं, वकीलबाईंनी नोटीस पाठवली. तीन महिन्यांनी कोर्सवाल्यांनी पत्र दिलं की प्रतिनिधित्वाचा करार रद्द. रेकॉर्डिंग्जबद्दल त्यात एक अक्षर नाही. माझ्या पाच गाण्यांपैकी तीन गाण्यांवरचे दावे त्यांनी नंतर मागे घेतले. दोन अजून अडकली आहेत, आणि ती मी सध्या फक्त मंचावर गाते.