कोर्टाबाहेर उभं राहायचंय: फलक धरावा की पत्रकं वाटावीत?

पुराव्याने गुन्हा शाबीत होत असला, तरी विवेकाला स्मरून आरोपीला निर्दोष ठरवण्याची ताकद ज्युरीकडे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाकडे असते. यालाच ज्युरी नलिफिकेशन म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत राहून हे ज्युररांच्या (ज्युरीतल्या सदस्यांच्या) कानावर घालायची इच्छा असेल, तर देश पाहून मार्ग निवडा.

इंग्लंडमध्ये मी फलकच धरायला सांगेन. मार्च 2023 मध्ये ट्रूडी वॉर्नर या निवृत्त समाजसेविका इनर लंडन क्राउन कोर्टाबाहेर उभ्या राहिल्या. आत हवामान-आंदोलकांचा खटला चालू होता. ज्युररांना आपल्या विवेकानुसार आरोपीला निर्दोष सोडण्याचा पूर्ण अधिकार आहे, एवढंच त्यांच्या फलकावर होतं. सरकारने कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला परवानगी मागितली. एप्रिल 2024 मध्ये हायकोर्टाने ती नाकारली आणि ऑगस्टमध्ये सरकारने अपीलही सोडून दिलं. त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या, कुणाची वाट अडवली नव्हती. तत्त्व तर 1670 च्या बुशेल खटल्याइतकं जुनं (निकालासाठी ज्युररांना शिक्षा करता येत नाही, हे त्यात ठरलं), त्याची पाटी खुद्द ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात आहे! तरीही एका वृद्ध बाईला वर्षभर टांगणीला लावलं गेलं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

अमेरिकेत गणित उलटं आहे. ज्युररवर किंवा न्यायाधीशावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने फेडरल (केंद्रीय) कोर्टाजवळ निदर्शनं करणं हा तिथे गुन्हा आहे, म्हणून फलक जोखमीचा. पत्रकांच्या बाजूने मात्र निकाल आहेत. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने आणि 2019 मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने पत्रकं वाटणाऱ्यांना मोकळं केलं, कारण पत्रकांचा रोख ठरावीक खटल्यावर नव्हता. मिशिगनमध्ये कीथ वूड यांना अशीच पत्रकं वाटल्याबद्दल 2017 मध्ये दोषी ठरवलं गेलं. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण आधार वेगळा होता: पत्रकं घेणारे लोक अजून ज्युरर म्हणून निवडलेच गेले नव्हते. निवड झाल्यावर हा आधार उरत नाही.

म्हणून पत्रकात आरोपीचं नाव, खटल्याचा तपशील काहीही नको. या मर्यादेला मी विरोध करणार नाही. 1959 मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्याभोवती वृत्तपत्रांनी आणि गर्दीने केवढं वातावरण तापवलं होतं! ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. इंग्लंड-अमेरिकेत ज्युरीने सोडलेला आरोपी असा परत ओढता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या दबावाची भीती तिथे अधिकच खरी आहे.