एंजल माशांसाठी बनवून घेतलेली दोन फूट उंचीची टाकी : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

एंजल पाळायचे असतील तर टाकीची उंची आधी पाहावी, हे मला पहिल्या टाकीत एक वर्ष घालवल्यावर कळले. ती बाजारात तयार मिळणारी, दोन फूट लांब आणि एक फूट उंच टाकी होती, आणि ज्या दुकानातून ती घेतली तिथे ‘एंजल कशातही राहतात’ असे मला खात्रीने सांगण्यात आले होते. तळाला दोन इंच वाळू घातली आणि वर दीड इंच जागा सोडली की अशा टाकीत पाणी उरते साडेआठ इंच. रुपयाच्या नाण्याएवढी पिल्ले होती तोवर काही जाणवले नाही; पण आठव्या महिन्यात सर्वांत मोठ्या माशाच्या पोटाखालचे दोऱ्यासारखे दोन लांब पर वाळूवर घासत जाऊ लागले, आणि पाठीवरच्या पराचे टोक एकदा वाकले ते पुन्हा सरळ झालेच नाही. पूर्ण वाढलेल्या एंजलचे शरीर सुमारे 15 सेंटीमीटर लांब असते, पण वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत मोजले तर तो 20 सेंटीमीटरच्याही पुढे जातो. 1823 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या माशाच्या प्रजातीचे नाव टेरोफायलम, म्हणजे पंख आणि पान या दोन ग्रीक शब्दांची जोड. उभे धरलेले पान डोळ्यांसमोर आणले की त्याला किती खोल पाणी लागेल याचा अंदाज येतो.

म्हणून दुसरी टाकी मी कोल्हापुरातच एका कारागिरांकडून बनवून घेतली. हे कारागीर घरालगतच्या शेडमध्ये काम करतात, दुकानावर पाटी नाही, आणि मासे विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यावर मला त्यांचा पत्ता मिळाला. मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असे माप सांगितले. दुसरीकडे याच मापाला सहा एमएमची काच पुरेल असे मला सांगण्यात आले होते. यांनी मात्र दहा एमएमच्या खाली काम घेणार नाही असे स्पष्ट सांगितले. ‘आठ एमएमनं तुमचं पैसे वाचतील सर, पण रात्री झोप मला लागायची नाही,’ हे त्यांचे शब्द. घरी येऊन मी हिशेब करून पाहिला. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, त्यामुळे या मापात समोरच्या एकट्या काचेवर जवळजवळ 140 किलो वजनाइतका रेटा येतो, आणि तो दिवसरात्र, वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यांचा आग्रह योग्यच होता.

कामाबद्दल सांगायचे तर ते मन लावून केलेले आहे. काचांच्या सर्व कडांना पॉलिश आहे, कुठेही बोट फिरवले तरी धार लागत नाही. सांध्यातले सिलिकॉन आतल्या बाजूने एकसारख्या जाडीचे आहे आणि त्यात हवेचा एकही बुडबुडा नाही; टाकी पाहायला जाताना मोबाइलचा दिवा सांध्यामागे धरून हे जरूर तपासावे, कारण गळती बहुतेक वेळा अशा बुडबुड्यापासूनच सुरू होते. वरच्या कडेला चारही बाजूंनी काचेची पट्टी चिकटवलेली असल्याने काच मध्यभागी फुगत नाही. त्यांनी टाकी शेडमध्येच तीन दिवस पूर्ण भरून ठेवली होती आणि मला बोलावून, खाली पसरलेले वर्तमानपत्र कोरडे असल्याचे दाखवले. काच, मजुरी आणि झाकण धरून नऊ हजार रुपये झाले. स्टँड मी उद्यमनगरात वेगळा वेल्डिंग करून घेतला, कारण पाणी, काच आणि वाळू मिळून भार तीनशे किलोंच्या पुढे जातो. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये थर्मोकोलची शीट हवीच. स्टँडमधला बारीकसा उंचसखलपणाही काचेच्या तळाला तडा देऊ शकतो.

मासे मात्र मी लगेच सोडले नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हे जीवाणू आधीच वाढलेला स्पंज मित्राच्या जुन्या टाकीतून आणून फिल्टरमध्ये टाकला तरीही मी पाच आठवडे थांबलो. नव्या टाकीत पहिल्याच आठवड्यात मासे का मरतात, असे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच उत्तर द्यावे लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हा दुसरा विषय. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त जाणवतो, म्हणून त्या महिन्यांत मी पाणी पिंपात एक दिवस उघडे ठेवून वर क्लोरीन घालवणारे औषधही टाकतो. दर रविवारी पन्नासएक लिटर पाणी बदलतो.

आता ज्या कारणासाठी ही टाकी घेतली ते सांगतो. वाळू आणि वरची जागा वजा जाता तिच्यात वीस इंच खोल पाणी राहते आणि सहा एंजल सरळ उभ्या रेषेत वरखाली करू शकतात. लहान टाकीत ते एकमेकांच्या बाजूने सरकत असत. इथे एक वर असतो, एक मधल्या लाकडाच्या मागे, आणि भांडण झाले तर हरलेल्याला खाली उतरून दिसेनासे होता येते. अॅमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा संथ पाण्यात, बुडालेली मुळे आणि देठ यांच्यामधून हिंडतो. अंगावरचे काळे उभे पट्टे तिथे देठांच्या सावलीत मिसळून जातात. मी उंच पानांची अॅमेझॉन स्वॉर्ड ही पाणवनस्पती लावली आणि फिल्टरचा प्रवाह काचेकडे वळवून मंद केला, तेव्हा हे पट्टे कशासाठी आहेत ते मला घरात बसून दिसले.

अकराव्या महिन्यात त्यांतली एक जोडी वेगळी झाली. दोघे मिळून स्वॉर्डचे एक रुंद, उभे पान तोंडाने दोन दिवस साफ करत होते, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मादीने त्यावर खालून वर सरकत मोहरीहून लहान, मधाच्या रंगाची अंडी एका ओळीमागे एक अशी चिकटवत नेली; तिच्या मागोमाग नर. मग दोघांनी आळीपाळीने छातीजवळचे पर हलवून अंड्यांवरून पाणी खेळते ठेवले आणि पांढरी पडलेली अंडी तेवढी वेचून काढली. 28 अंशांच्या पाण्यात साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. पहिल्या खेपेला त्यांनीच ती खाऊन टाकली, जे नव्या जोड्यांमध्ये नेहमी घडते. दुसऱ्या खेपेला पिल्ले पोहू लागेपर्यंत टिकली.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत. दोन फूट खोल टाकीचा तळ साफ करताना हात खांद्यापर्यंत भिजतो, आणि कमी उंचीच्या माणसाला स्टुलावर चढल्याशिवाय मागचा कोपरा गाठता येत नाही. पाणी भरपूर असले तरी हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग साडेचार चौरस फूटच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेली की मी बॅटरीवर चालणारा एअर पंप लगेच लावतो. थंडीत आपल्याकडे रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून 200 वॉटचा हीटर ठेवला आहे. उंच टाकीत तो तळाजवळ आडवा बसवावा, उभा बसवल्यास वरचे पाणी गरम आणि खालचे थंड राहते.

एकच गोष्ट कारागिरांच्या हातून खरोखर चुकली, ती झाकणाची. हीटरची वायर आणि हवेची नळी आत जायला त्यांनी खाच ठेवली नव्हती, त्यामुळे झाकण एका बाजूने अर्धा इंच उचललेले राहायचे आणि तिथून पाण्याची वाफ थेट भिंतीवर जायची. मी सांगितल्यावर त्यांनी झाकण परत नेले आणि चौथ्या दिवशी कोपरा कापून, कड घासून पैसे न घेता आणून दिले. पण चार दिवस टाकी उघडी राहिली आणि त्यातल्या एका रात्री एक मासा उडी मारून बाहेर पडला. तो सकाळी जमिनीवर सापडला. आता पिल्लांसाठी दीड फुटाची छोटी टाकी त्यांच्याकडेच सांगितली आहे, आणि या वेळी झाकणाची खाच मी मापासह कागदावर काढून दिली आहे.