कॉट्सवोल्ड्स की यॉर्कशायर डेल्स?

इंग्लंडच्या खेड्यांतून पहिल्यांदाच गाडीने फिरायचं म्हटलं, की लोक डोळे झाकून कॉट्सवोल्ड्स सुचवतात. लंडनहून दोनेक तासांत पोचता येतं, आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं खरंच देखणी आहेत. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग म्हणजे मुळात 14व्या शतकातलं लोकरीचं कोठार. 17व्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं आली. पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी बायबरी किंवा बोर्टन-ऑन-द-वॉटरला पार्किंग शोधण्यातच दुपार जाते. सकाळी लवकर पोचा, नाहीतर जाऊच नका.

यॉर्कशायर डेल्स, म्हणजे उत्तर इंग्लंडमधली दऱ्याखोरी, लांब पडतं. लंडनहून चार-पाच तास, म्हणून मँचेस्टर किंवा लीड्सला उतरून तिथेच गाडी भाड्याने घेतलेली बरी. इथली खरी मजा गावांपेक्षा दोन गावांमधल्या रस्त्यांत आहे: चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या दगडी भिंती, स्वेलडेलच्या कुरणांतली गवताची कोठारं, रिबलहेडचा 24 कमानींचा रेल्वेपूल. मॅलम कोव्हचा सुमारे 80 मीटरचा कडा पाहून सह्याद्रीवाल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल, पण माथ्यावरची भेगाळलेली चुनखडी बघाच. आणि हॉज गावात वेन्स्लीडेल चीज.

गाडी दोन्हीकडे डावीकडूनच, त्यामुळे आपल्याला सोपं. वेग मात्र मैलांत. डेल्समध्ये बरेच रस्ते एकाच गाडीपुरते. समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावंच लागतं. रिव्हर्सची सवय नसेल तर कॉट्सवोल्ड्स. असेल आणि तीन दिवस हाताशी असतील, तर मी डेल्सच सांगेन.