मेम्फिस की लुईव्हिल? आरव्ही घेऊन मायनर लीग बेसबॉल बघायला जाताना

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेत, 25 फुटी आरव्ही (राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतली आहे, अमेरिकेतल्या टेनेसीचं नॅशव्हिल बघून झालं. आता पश्चिमेला मेम्फिस (सुमारे 210 मैल) की उत्तरेला लुईव्हिल (सुमारे 175 मैल)? दोन्हीकडे ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचे बेसबॉल संघ, दोन्ही इंटरनॅशनल लीगमधले. दोन्ही मैदानं 2000 साली उघडलेली, डाउनटाउनमध्ये, नदीपासून चालत जाण्याइतकी जवळ. मेम्फिस रेडबर्ड्स हा मेजर लीगमधल्या सेंट लुईस कार्डिनल्सचा दुय्यम संघ, लुईव्हिल बॅट्स सिनसिनाटी रेड्सचा. खेळाचा दर्जा सारखाच, तिकिटंही साधारण 10 ते 25 डॉलरच्या आसपास. तेव्हा मैदानांचे फोटो बघून ठरवू नका. गाडी कुठे उभी राहणार आणि सोबत कोण आहे, यावर ठरवा.

गाडीचं आधी. आरव्ही डाउनटाउनमध्ये न्यायचीच नाही, हे दोन्ही शहरांना लागू. या गाडीची उंची 11-12 फूट. पार्किंग गॅरेजची कमान बहुतेक ठिकाणी 7 फुटांच्या आतबाहेर. शिवाय भर गावात सामानासकट उभी असलेली आरव्ही म्हणजे काच फोडायचं आमंत्रणच.

लुईव्हिल इथे सरळ पुढे आहे. ओहायो नदीच्या पलीकडे, इंडियानातल्या क्लार्क्सव्हिलला गाडी लावली की मैदान दोन-तीन मैलांवर येतं. उबर दहा मिनिटांत पोचते. सायकली सोबत असतील तर नदीकाठच्या ग्रीनवेने (पायी-सायकलच्या वाटेने) जेफरसनव्हिलला जाऊन बिग फोर ब्रिज ओलांडायचा. हा जुना रेल्वेपूल आता फक्त पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी आहे, आणि मैदान तिथून जवळच. एक गोम मात्र आहे: टोल. आय-65 महामार्गाच्या पुलांवर टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. साडेसात फुटांपेक्षा उंच गाडीला मोटारीपेक्षा वरचा दर लागतो, आणि गाडी भाड्याची असेल तर कंपनी वर स्वतःचं शुल्क लावू शकते. आय-64 चा शर्मन मिंटन पूल बिनटोलाचा आहे, आरव्हीने तोच धरा. क्लार्क मेमोरियल पूलही फुकट आहे, पण त्याच्या लेन अरुंद. नवख्याने मोठी गाडी तिथे घालू नये.

मेम्फिसमध्ये दोन पर्याय. एक, ग्रेसलँडच्या, म्हणजे गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या घराच्या, शेजारचा आरव्ही पार्क. एल्व्हिसचं घर चालत, पण मैदान आठ-नऊ मैलांवर. ऑगस्टच्या मध्यात, एल्व्हिसच्या पुण्यतिथीच्या आठवड्यात, तिथे जागा मिळणं कठीण. दुसरा, मिसिसिपीच्या पलीकडे वेस्ट मेम्फिसला नदीकाठी. संध्याकाळी समोरून जाणारे बार्ज (मालवाहू तराफे) बघत बसायला याच्याइतकी जागा नाही, पण वसंतात नदी चढली की पार्क पाण्याखाली जातो. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर बुकिंगआधी फोन करून नदीची पातळी विचारा. दोन्हीकडून मॅचला जाता-येता उबरचा खर्च लुईव्हिलपेक्षा जास्तच.

उकाडाही हिशेबात धरा. मेम्फिसला जुलैत पारा 33 अंशांच्या आसपास आणि हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट. लुईव्हिल थोडं बरं, पण गार अजिबात नाही. कॅम्पवरच्या 30 अँपिअरच्या वीजजोडणीवर एकूण 3,600 वॉट मिळतात. त्यात एसी 13-15 अँपिअर खातो आणि 1,800 वॉटची इंडक्शन शेगडी 15. पोळ्या शेकायला शेगडी लावली, वर कोणी वॉटर हीटर विजेवर टाकला, की ब्रेकर पडलाच. म्हणून हीटर गॅसवर ठेवा, भात-आमटी सकाळीच उरका. व्होल्टेज 105 च्या खाली दिसलं तर एसी बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर जातो. मॅचला निघताना ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छत) गुंडाळून ठेवा. दुपारनंतरच्या वादळात ती फाटते आणि भाड्याच्या विम्यात बहुधा बसत नाही.

आता शहर. मैदानाभोवती चालत काय बघता येतं, यात मेम्फिस सरस आहे. समोर पीबडी हॉटेल: छतावरच्या घरातून बदकं रोज सकाळी 11 ला लॉबीतल्या कारंज्यात येतात आणि संध्याकाळी 5 ला परत जातात. पाचची मिरवणूक बघून रस्ता ओलांडला की संध्याकाळच्या मॅचला वेळेत. बील स्ट्रीट दोन-तीन चौकांवर. त्याच युनियन अव्हेन्यूवर मैलभर पूर्वेला सन स्टुडिओ, जिथे 1954 मध्ये एल्व्हिसने पहिली व्यावसायिक रेकॉर्ड केली. पाच वर्षांखालच्या मुलांना तिथल्या टूरला नेता येत नाही. आणि लोरेन मोटेल, जिथे 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तिथल्या नागरी हक्क संग्रहालयाला तीन तास द्या. बरंच उभं राहावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअरची सोय आधी विचारून ठेवा.

लुईव्हिलची गोडी बेसबॉलचीच. मैदान ईस्ट मेनवर, लुईव्हिल स्लगर या बेसबॉलच्या बॅटचा कारखाना वेस्ट मेनवर, साधारण मैलाचं अंतर. बाहेर 120 फुटी बॅट टेकवून ठेवलेली, आत लाकडाची बॅट बनताना दिसते, टूरच्या शेवटी छोटी बॅट भेट मिळते. (ती भारतात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये जाऊ देत नाहीत.) वाटेवर मुहम्मद अली सेंटर. क्रिकेटवर वाढलेल्या बाबांना आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे शहर जास्त भावेल. फक्त मेच्या पहिल्या शनिवारचा आठवडा टाळा, केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीमुळे सगळ्याचे दर चढलेले असतात.

वाराचं गणित दोन्हीकडे एकच. मालिका मंगळवार ते रविवार, सोमवारी बहुधा सुट्टी. मॅच पावसाने रद्द झाली तर पैसे परत मिळत नाहीत, सहसा दुसऱ्या मॅचचं तिकीट मिळतं. रविवारची मॅच रद्द झाली तर असं तिकीट प्रवाशाला निरुपयोगी. म्हणून बुधवारची मॅच घ्या आणि गुरुवार राखीव ठेवा. गुरुवारी डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने) झाला तर दोन्ही सामने सात-सात डावांचे. शुक्रवार-शनिवारी आतषबाजीची गर्दी असते. कॅम्पवर शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी 10 ला सुरू होते, उशिरा परतून स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) सरकवू नका. जागा घेताना तिसऱ्या बेसची (फलंदाजाच्या मागून बघता डावीकडची) बाजू बघा, बहुतेक मैदानांत तिथे सावली लवकर येते. ज्येष्ठांना होम प्लेटमागच्या (फलंदाज उभा राहतो त्यामागच्या) जाळीआड बसवा. पंचाच्या स्ट्राइकच्या निर्णयावर खेळाडूने टोपीला हात लावून दाद मागितली की मोठ्या पडद्यावर निकाल येतो, हे डीआरएस बघितलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे फार चैन नाही: पॉपकॉर्न, शेंगदाणे, प्रेट्झेल, चीज पिझ्झा. मेम्फिसचे बार्बेक्यू नाचोज प्रसिद्ध आहेत, पण त्यात डुकराचं मांस असतं. "मांसाशिवाय" असं स्पष्ट सांगा. आरव्हीतच पोटभर जेवून निघणं उत्तम.

सोबत चालू न शकणारे कोणी असतील किंवा लहान मुलं असतील, तर लुईव्हिल. मोठी माणसंच आहेत, संगीत-इतिहासाची ओढ आहे आणि उकाडा सोसतो, तर मेम्फिस, पण ऑक्टोबर गाठू नका, हंगाम सप्टेंबरातच संपतो. नॅशव्हिलहून लुईव्हिलला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं. 6:35 ची मॅच तुमच्या अंगातल्या घड्याळात 5:35 ची असते, म्हणून निघताना तो तास धरूनच निघा.